एका कारशेडवर अडली लंडन–पॅरिसची स्पर्धा: टर्मिनस हललं की नेमकं काय काय हलतं?

लंडनहून पॅरिसला समुद्राखालून जाणारी युरोस्टार तुम्ही रील्समध्ये एकदा तरी पाहिली असेल. सव्वादोन तासांत एका देशाच्या राजधानीतून दुसऱ्या देशाच्या राजधानीत! ही गाडी १९९४ पासून धावतेय आणि तेव्हापासून या मार्गावर प्रवासी नेणारी दुसरी एकही कंपनी नाही. विमानात जशी इंडिगो नाही तर एअर इंडिया असा पर्याय असतो, तसा इथे नाही. समुद्राखालून रेल्वेने जायचं म्हणजे युरोस्टारच.

आता हे बदलायची चिन्हं आहेत. ३० ऑक्टोबर २०२५ ला ब्रिटनच्या रेल्वे नियामकाने, म्हणजे ऑफिस ऑफ रेल अँड रोडने, एक निर्णय जाहीर केला. व्हर्जिन, जेमिनी, एव्होलिन आणि इटलीची ट्रेनइटालिया असे चार दावेदार रांगेत होते. जेमिनीने तर उबरशी हातमिळवणी केली होती, म्हणजे कॅब बुक करतो त्या ॲपवरून पॅरिसचं रेल्वे तिकीट! पण नियामकाने होकार दिला फक्त व्हर्जिनला. बाकी तिघांना नकार.

आता गंमत बघा. हा होकार बोगदा वापरायचा नव्हता, रुळांचा नव्हता आणि स्टेशनचाही नव्हता. तो होता लंडनच्या पूर्वेला असलेल्या टेंपल मिल्स नावाच्या एका कारशेडमध्ये गाड्या उभ्या करायचा आणि दुरुस्त करायचा. एवढ्या मोठ्या स्पर्धेचा निकाल एका कारशेडवर का लागला? याचं उत्तर २००७ सालात आहे. त्या वर्षी युरोस्टारने लंडनमधलं आपलं टर्मिनस बदललं आणि त्याबरोबर डेपो, मार्ग, वीज सगळंच बदललं. चला, एकेक धागा सोडवू.

आधी कारशेडचं गणित समजून घेऊ

स्टेशन म्हणजे गाडीचा दरवाजा, तर कारशेड म्हणजे तिचं घर. दिवसभर धावलेली गाडी रात्री तिथे जाते. डबे झाडले-पुसले जातात, संडासाच्या टाक्या रिकाम्या होतात, पाणी भरलं जातं, ब्रेक आणि चाकं तपासली जातात. ताशी ३०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या चाकात बारीकसा दोष राहिला तरी चालत नाही.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. सीएसएमटीवर लांब पल्ल्याची गाडी रिकामी होते, मग तिचा रेक वाडीबंदरच्या यार्डात जातो, धुऊन-तपासून परत येतो. वाडीबंदर जवळ आहे म्हणून हे जमतं. तेच यार्ड पुण्यात असतं तर? रोज रिकामे रेक घाटातून वर-खाली करायला लागले असते. त्यात वेळ गेला असता, वीज गेली असती आणि मुख्य म्हणजे प्रवासी गाड्यांसाठी लागणारी मार्गावरची जागा गेली असती.

म्हणून नियम सोपा आहे: टर्मिनस आणि कारशेड ही जोडी असते. एक हललं की दुसरं हलवावंच लागतं.

१९९४: दक्षिणेला स्टेशन, पश्चिमेला घर

ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यामधला चॅनल बोगदा ६ मे १९९४ ला राणी एलिझाबेथ आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांच्या हस्ते खुला झाला. सुमारे ५० किलोमीटर लांब, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटरचा भाग समुद्राखाली. १४ नोव्हेंबर १९९४ पासून युरोस्टार प्रवासी घेऊन धावू लागली.

लंडनमध्ये ती सुटायची वॉटर्लू स्टेशनवरून. थेम्स नदीच्या दक्षिणेला असलेल्या या जुन्या स्टेशनाला चिकटून वॉटर्लू इंटरनॅशनल नावाचा नवा भाग बांधला होता. पाच प्लॅटफॉर्म आणि वर काचेचं वळणदार छप्पर, वास्तुरचनाकार निकोलस ग्रिमशॉ यांचं. प्लॅटफॉर्म एवढे लांब की जवळजवळ ४०० मीटरची गाडी त्यात मावायची. आपल्या १५ डब्यांच्या लोकलपेक्षाही ही बरीच लांब.

गाड्यांचं घर मात्र होतं पश्चिम लंडनमधल्या नॉर्थ पोल डेपोत. नावावर जाऊ नका, बर्फाचा काही संबंध नाही. वॉटर्लूला रिकामी झालेली गाडी केन्सिंग्टन ऑलिंपियावरून जाणाऱ्या वेस्ट लंडन लाइनने नॉर्थ पोलला पोचायची. त्याच लाइनवर मालगाड्या आणि उपनगरी गाड्याही असायच्या. म्हणजे फ्रान्समधून ३०० च्या वेगाने आलेली गाडी घरी जाताना मालगाडीच्या मागे रेंगाळायची.

शिवाय मँचेस्टरपर्यंत थेट गाड्या नेण्याचाही बेत होता. त्यासाठी आखूड गाड्यांचे सात संच बांधले, मँचेस्टरच्या लाँगसाइट डेपोत सोय केली, तिथे युरोस्टार इथे राहते अशा अर्थाची फ्रेंच पाटीसुद्धा लागली. पण प्रवाशांसाठी ती सेवा कधी सुरूच झाली नाही. घर बांधून तयार होतं, राहायला मात्र कोणी आलं नाही.

एका गाडीला तीन प्रकारची वीज

खरी डोकेदुखी मार्गाची होती. फ्रान्समध्ये वेगवान गाड्यांसाठी नवी लाइन तयार होती. ब्रिटनच्या बाजूला मात्र युरोस्टारला जुन्या, गजबजलेल्या उपनगरी लाइनवरून यावं लागायचं. मितराँ यांनी तर त्यावरून टोमणाही मारला होता: फ्रान्समध्ये प्रवासी भरधाव जातील आणि पलीकडे पोचले की इंग्लंडचं निसर्गसौंदर्य निवांत न्याहाळतील!

त्यात विजेचा घोळ. फ्रान्सच्या वेगवान लाइनवर आणि बोगद्यात डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टची एसी वीज मिळते. बेल्जियमच्या जुन्या लाइनवर ३,००० व्होल्ट डीसी. आणि दक्षिण इंग्लंडमध्ये डोक्यावर तारच नाही! तिथे रुळांच्या शेजारी तिसरा रूळ असतो आणि त्यातून ७५० व्होल्ट डीसी वीज घ्यावी लागते. म्हणून युरोस्टारच्या पहिल्या गाड्यांना डोक्यावर पेंटोग्राफ होता आणि खाली तिसऱ्या रुळाला टेकणारे बूटही होते. बोगद्यातून बाहेर आलं की तार सोडायची आणि रुळाची वीज घ्यायची.

मुंबईत आपण याचाच धाकटा भाऊ पाहिलाय. लोकल कित्येक दशकं १,५०० व्होल्ट डीसीवर धावत होत्या, तर बाकीच्या देशात २५,००० व्होल्ट एसी. म्हणून दोन्हींवर चालणारे रेक आणि दोन्हींवर चालणारी खास इंजिनं ठेवावी लागली. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१६ मध्ये डीसी पूर्ण गेलं, तेव्हा कुठे हा पसारा आवरला.

आणखी एक अडचण होती, ती मापाची. ब्रिटनमधले जुने पूल, बोगदे, प्लॅटफॉर्म युरोपच्या मानाने अरुंद आणि ठेंगणे. रुळांमधलं अंतर सारखंच, पण गाडीच्या अंगासाठी जागा कमी. त्यामुळे पहिली युरोस्टार मुद्दाम सडपातळ बांधावी लागली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ यावरच फिरतो.

अर्धा रस्ता, मग पूर्ण रस्ता

ब्रिटनने शेवटी स्वतःची वेगवान लाइन बांधली. आज तिला हाय स्पीड वन म्हणतात. पहिला टप्पा २००३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला, बोगद्यापासून उत्तर केंटपर्यंत ७४ किलोमीटर. पण त्यापुढे वॉटर्लूला जायला जुनीच लाइन. म्हणजे एक्स्प्रेस वेवरून येऊन शेवटी गावच्या अरुंद रस्त्यात शिरावं तसं. तरीही लंडन–पॅरिसचा वेळ सुमारे तीन तासांवरून दोन तास पस्तीस मिनिटांवर आला.

दुसऱ्या टप्प्याची लाइन वॉटर्लूकडे गेलीच नाही. थेम्सच्या खालून, पूर्व लंडनच्या पोटातून बोगदे काढत ती उत्तरेकडच्या सेंट पँक्रस स्टेशनात पोचली. उत्तरेकडून यायचं कारण सोपं: पूर्व लंडनचा पुनर्विकास होईल आणि उत्तर इंग्लंडच्या गाड्यांशी जोडणी मिळेल. सेंट पँक्रसच्या शेजारीच किंग्ज क्रॉस आहे, तिथून लीड्स, यॉर्क, एडिनबराच्या गाड्या सुटतात.

सेंट पँक्रसचं छप्पर १८६८ सालचं, विल्यम बार्लो यांनी उभारलेलं. सुमारे ७३ मीटर रुंदीची एकच कमान, मध्ये खांब नाही. पण लांबी २०० मीटरच्या थोडी पुढे, आणि गाडी ४०० मीटरची! म्हणून उत्तरेला नवं सपाट छप्पर जोडलं. प्लॅटफॉर्मखालचं तळघर एकेकाळी बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांचं गोदाम होतं, खांबांमधलं अंतरसुद्धा पिंपांच्या मापाने ठरवलेलं. आज तिथे पासपोर्ट तपासणी होते. या स्टेशनच्या कामावर सुमारे ८० कोटी पौंड खर्च झाले.

एका रात्रीत घर बदललं

१३ नोव्हेंबर २००७ च्या संध्याकाळी वॉटर्लूवरून शेवटची युरोस्टार सुटली. १४ नोव्हेंबरला सकाळी सेंट पँक्रसवरून पहिली. मध्ये एक दिवसाचीही सुट्टी नाही. पॅरिस आता दोन तास पंधरा मिनिटांवर, ब्रुसेल्स एक तास एक्कावन्न मिनिटांवर आलं.

वर्तमानपत्रांत फोटो छापून आले ते काचेच्या छपराचे. पण पडद्यामागे जास्त मोठं काम झालं होतं. नव्या लाइनवरून पश्चिमेच्या नॉर्थ पोलला रोज रिकाम्या गाड्या नेणं परवडलं नसतं. म्हणून पूर्व लंडनमध्ये, स्ट्रॅटफर्डजवळ, जुन्या मालगाडी यार्डाच्या जागी टेंपल मिल्सचं नवं कारशेड उभारलं. खर्च सुमारे ४० कोटी पौंड, म्हणजे स्टेशनवर झालेल्या खर्चाच्या निम्मा. ४०० मीटरची अख्खी गाडी न तोडता आत घेता येईल असं लांबलचक शेड. तिथून हाय स्पीड वनवर थेट चढता येतं आणि काही मिनिटांत सेंट पँक्रस गाठता येतं. वाटेत मालगाडी नाही, लोकल नाही.

गाड्यांवरचे तिसऱ्या रुळाचे बूट काढून टाकले, कारण आता सगळा प्रवास डोक्यावरच्या तारेवरच होणार होता. चालकांना नवा मार्ग शिकावा लागला. आपल्याकडेही लोको पायलटला नव्या मार्गावर आधी रोड लर्निंग करावं लागतं, तसंच. डेपोत काम करणाऱ्यांची ड्युटी शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. स्टेशन बदललं तर प्रवासी फक्त नवी मेट्रो लाइन पकडतो. डेपो बदलला तर तिथल्या कामगाराचं घर, मुलांची शाळा, रात्रपाळीची बस, सगळंच नव्याने जुळवावं लागतं.

मागे काय उरलं?

टर्मिनस हलल्यावर रिकाम्या झालेल्या जागांचं काय होतं, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. इथे उत्तर फार अभिमानास्पद नाही.

वॉटर्लू इंटरनॅशनलचे पाच प्लॅटफॉर्म, लंडनच्या सगळ्यात गर्दीच्या स्टेशनांपैकी एकावर, वर्षानुवर्षं रिकामे पडून राहिले. मध्यंतरी तिथे रुळांवर खरं इंजिन आणून ‘द रेल्वे चिल्ड्रेन’ या नाटकाचे प्रयोग झाले! उपनगरी गाड्यांसाठी ते पूर्णपणे खुले व्हायला २०१९ उजाडलं. वॉटर्लूच्या प्रवाशांनी गर्दीत चेंगरून प्रवास केला आणि शेजारी पाच प्लॅटफॉर्म कुलूपबंद. वॉटर्लूला जोडण्यासाठी नाईन एल्म्सजवळ युरोस्टारसाठी बांधलेल्या उड्डाणमार्गाचं कामही २००७ मध्येच संपलं.

नॉर्थ पोलचं नशीब त्या मानाने बरं. काही वर्षं रिकामं राहून ते जपानच्या हिताची कंपनीकडे गेलं. आज तिथे पश्चिम इंग्लंड आणि वेल्सकडे जाणाऱ्या गाड्यांची देखभाल होते.

केंट परगण्यातल्या लोकांना मात्र गोड आणि कडू दोन्ही मिळालं. गोड म्हणजे २००९ पासून हाय स्पीड वनवर हिताचीच्या जॅव्हलिन गाड्या धावू लागल्या, ताशी २२५ किलोमीटरने. केंटमधून लंडनला नोकरीला जाणाऱ्यांचा वेळ खूप वाचला. कडू म्हणजे वाटेतल्या आंतरराष्ट्रीय स्टेशनांचं झालेलं हसं. ॲशफर्डला युरोस्टार थांबायची, २००७ मध्ये एब्सफ्लीट हे नवं स्टेशन सुरू झालं. २०२० मध्ये कोरोनात दोन्हींवरचा थांबा बंद झाला आणि तो अजून परत आलेला नाही. आणि स्ट्रॅटफर्ड इंटरनॅशनल? नावात इंटरनॅशनल आहे, पण परदेशी जाणारी नियमित गाडी तिथे एकदाही थांबलेली नाही. पाटी तेवढी राहिलीय.

मोठी गाडी, पण दार एकच

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. २००७ चं स्थलांतर यशस्वी होतं यात वाद नाही. पण त्यात एक गाठ बसली, जी आज सुटता सुटत नाहीये.

हाय स्पीड वन ही युरोपच्या मापाने बांधलेली लाइन आहे. त्यामुळे सडपातळ गाडीची सक्ती संपली. २०१५ पासून युरोस्टारने सीमेन्सच्या रुंद गाड्या आणल्या. पहिल्या गाडीत साधारण ७५० सीटा होत्या, नवीत ९०० च्या आसपास. लांबी तेवढीच, प्रवासी जास्त. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर कंपनीने अल्स्टॉमकडे डबल डेकर गाड्यांची ऑर्डर दिली: ३० नक्की आणि आणखी २० चा पर्याय, किंमत सुमारे २०० कोटी युरो. दोन संच जोडले की एका वेळी हजाराहून जास्त प्रवासी.

पण या रुंद आणि उंच गाड्या ब्रिटनच्या जुन्या लाइनवर जाऊ शकत नाहीत. पुलाला घासतील. म्हणजे त्या ना वॉटर्लूला जाऊ शकत, ना नॉर्थ पोलला, ना मँचेस्टरला. हाय स्पीड वन आणि तिला चिकटलेलं जे काही आहे, तेवढंच त्यांचं इंग्लंड. आणि युरोपच्या मापाच्या अशा गाड्यांसाठी तिला चिकटलेलं तयार कारशेड एकच आहे, टेंपल मिल्स.

ते चालवतं कोण? युरोस्टार.

आता नव्या कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गाड्या विकत घेता येतील, बँकेचं कर्ज मिळेल, बोगद्यात जागा आहे, प्रवासी तर आहेतच. पण पॅरिसहून रात्री आलेली गाडी लंडनमध्ये ठेवायची कुठे? सकाळी सातला पुन्हा सोडायची तर रात्री तिची तपासणी कुठे करायची? पॅरिस, ब्रुसेल्सला डेपो आहेत, पण रोज रात्री रिकामी गाडी समुद्राखालून परत नेणं म्हणजे धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडवणं. थोडक्यात, आपल्या स्पर्धकाच्या घरातच एक खोली भाड्याने मागायची वेळ.

याआधीही प्रयत्न झाले होते. २०१० मध्ये जर्मन रेल्वेची आयसीई गाडी चाचणीसाठी थेट सेंट पँक्रसपर्यंत आली, फोटो निघाले, घोषणा झाल्या. प्रवासी सेवा मात्र सुरू झाली नाही. त्यामागे सुरक्षेचे नियम, सीमा तपासणी, पैसे अशी अनेक कारणं होती. पण धडा एकच: रूळ मोकळे असले म्हणजे बाजार मोकळा होतोच असं नाही.

मग नियामकाने काय केलं?

ब्रिटनच्या कायद्यानुसार अशी कारशेडची सोय ही फक्त चालवणाऱ्याची खासगी मालमत्ता मानली जात नाही. जागा असेल तर ती दुसऱ्यालाही द्यावी लागते. प्रश्न होता, जागा आहे का? युरोस्टारचं म्हणणं होतं की आमचीच वाढ व्हायचीय, डेपो भरत आलाय. नियामकाने स्वतंत्र तपासणी करून घेतली. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या अहवालानुसार आणखी गाड्यांसाठी काही जागा निघू शकते. पण ती सगळ्यांना पुरणारी नाही, फार तर एका नव्या कंपनीपुरती.

म्हणून चारांतून एक निवडायची वेळ आली. नियामकाच्या मते व्हर्जिनची योजना पैशांच्या आणि कामाच्या दृष्टीने बाकीच्यांपेक्षा भक्कम होती. व्हर्जिनला अल्स्टॉमच्या १२ गाड्या घेऊन २०३० पासून लंडनहून पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅमला सेवा सुरू करायचीय.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. कारशेडचा होकार म्हणजे पहिलं दार उघडलं इतकंच. अजून हाय स्पीड वनवर आणि बोगद्यात धावायची परवानगी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समधली सुरक्षेची मंजुरी, गाड्या बांधून येणं, चालक तयार होणं बाकी आहे. आणि सेंट पँक्रसचं प्रतीक्षागृह आजच सुट्टीच्या दिवसांत तुडुंब असतं. स्टेशन चालवणाऱ्यांना तिथली प्रवासी क्षमता दुपटीहून जास्त वाढवायचीय, तरच नव्या गाड्यांचे प्रवासी आत मावतील.

दुसरी बाजूही बघायला हवी. युरोस्टारने इतकी वर्षं जोखीम घेतली, तोटे सोसले, कोरोनात बुडता बुडता वाचली. २०२४ मध्ये तिने १ कोटी ९५ लाख प्रवासी नेले आणि तिला ३ कोटींपर्यंत जायचंय. तिच्या नव्या डबल डेकरना पण तेच कारशेड लागणार आहे. स्पर्धकाला जागा देताना जुन्या कंपनीची वाढच अडली, तर प्रवाशाच्या हाती काय लागेल? माझ्या मते खरा प्रश्न व्हर्जिन की युरोस्टार हा नाहीच. खरा प्रश्न आहे, २००७ मध्ये एवढा खर्च करताना एकच दार का ठेवलं, आणि आता दुसरं कधी बांधणार? ते होत नाही तोवर एकाला जागा दिली की दुसऱ्याची वाट अडणारच.

तुमच्या खिशावर काय परिणाम?

पुण्या-मुंबईतून युरोप फिरायला जाणारे बरेच जण लंडनला उतरून पुढे पॅरिसला रेल्वेने जातात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

एक, तिकीट लगेच स्वस्त होणार नाही. स्पर्धा आलीच तर २०३० नंतर. स्पेनमध्ये माद्रिद–बार्सिलोना मार्गावर एकाहून जास्त कंपन्या आल्यावर भाडी उतरली, त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे. पण तिथे गाड्यांना मावायला जागा होती, लंडनमध्ये तीच तर टंचाई आहे.

दोन, व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन व्हिसा वेगळा. आणि फ्रान्सची तपासणी पॅरिसला नाही, लंडनमध्ये गाडीत चढण्याआधीच होते. शेंगेन व्हिसा नसेल तर सेंट पँक्रसवरूनच परत फिरावं लागेल.

तीन, वेळ. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी एंट्री-एग्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्याने लागू होतेय. त्यात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. म्हणून स्टेशनवर शेवटच्या क्षणी पोचायची आपली सवय इथे चालणार नाही. तिकिटावर दिलेली चेक-इनची वेळ पाळा.

आणि आपल्याकडे?

कारशेड हा शब्द महाराष्ट्रात आधीच घरोघरी पोचलाय. मेट्रो ३ चं कारशेड आरेत की कांजूरमार्गला, यावर २०१९ मध्ये झाडं कापण्यावरून आंदोलन झालं, २०२० मध्ये ते कांजूरला न्यायचं ठरलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या कामाला स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये पुन्हा आरे. लाइन कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. बाजू कोणतीही घ्या, एक गोष्ट तेव्हा सगळ्यांना कळली: कारशेडशिवाय मेट्रो म्हणजे गोठ्याशिवाय गाय.

पुढचा प्रश्न बुलेट ट्रेनचा आहे. मुंबई–अहमदाबाद मार्गाचं टर्मिनस बीकेसीत जमिनीखाली, आणि डेपो ठाणे, सुरत आणि साबरमतीला. या गाड्या स्टँडर्ड गेजवर, म्हणजे १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवर धावणार. आपली नेहमीची रेल्वे १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजवर. म्हणजे लंडनमध्ये जे रुंद गाड्यांचं झालं, तेच इथे आणखी पक्कं: बुलेट ट्रेन वाडीबंदरला कधीच जाऊ शकणार नाही. तिचं घर तिच्याच लाइनवर हवं, आणि ते पुढच्या पन्नास वर्षांच्या हिशोबाने हवं. उद्या मुंबईहून दुसऱ्या दिशेला वेगवान लाइन निघाली किंवा दुसऱ्या कंपनीला गाडी चालवायची असली, तर ठाण्याच्या डेपोत जागा असेल का? हा प्रश्न काम चालू असतानाच विचारायला हवा, वीस वर्षांनी नियामकाच्या दारात रांग लागल्यावर नाही.

नव्या टर्मिनसचं उद्घाटन झालं की आपण छप्पर, सेल्फी पॉइंट आणि एस्केलेटर बघतो. पुढच्या वेळी आणखी तीन गोष्टी शोधा: गाडी रात्री कुठे जाते, तिथपर्यंत पोचायला तिला किती वाटा आहेत आणि त्या घराची किल्ली कोणाकडे आहे. हवं तर आत्ताच फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि पूर्व लंडनमध्ये टेंपल मिल्स शोधा. एक लांबच लांब शेड दिसेल, शेजारी रुळांचा गुंता आणि त्यात उभ्या असलेल्या गाड्या. लंडन–पॅरिसच्या तिकिटाचा भाव पुढे काय असेल, ते तिथल्या मोकळ्या रुळांवरही ठरणार आहे.